वादळापूर्वीची तयारी : पौलाच्या तारवापासून एक धडा

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये, अध्याय 27. लूक 13:4 हेही वाचावे.

पनवेल व आसपासच्या मंडळ्यांतील बंधुभगिनींस 3 जून 2020 हा दिवस आठवत असेल. त्या दिवशी दुपारी निसर्ग नावाचे चक्रीवादळ अलिबागेच्या दक्षिणेस किनाऱ्याला लागले. ताशी शंभर किलोमीटरांहून अधिक वेगाच्या वाऱ्याने श्रीवर्धन, मुरुड, म्हसळे ह्या बाजूच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या, घरांवरचे पत्रे व कौले उडविली, विजेचे खांब मोडले. कित्येक गावे पुष्कळ दिवस अंधारात राहिली. पुढच्याच वर्षी, मे 2021 मध्ये, तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गुजराथेकडे गेले. अरबी समुद्रात अशी वादळे बहुधा पावसाळ्याच्या तोंडाशी, मे-जूनमध्ये, आणि पावसाळा सरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उठतात. म्हणून हा धडा वर्षातून दोन वेळा मंडळीत घ्यावा, अशी उपदेशक बंधूंस आमची विनंती आहे.

पुष्कळ विश्वासणाऱ्यांच्या मनात एक प्रश्न येतो, तो असा : आम्ही प्रार्थना केली आहे, देव राखणारा आहे, मग घर सोडून शाळेच्या इमारतीत जाऊन बसणे हा अविश्वास नव्हे काय? ह्याचे उत्तर आजच्या शास्त्रपाठात आहे.

पौल कैदी होऊन तारवातून रोमास चालला होता. ऋतू धोक्याचा आहे, पुढे जाऊ नये, अशी सूचना त्याने आधीच दिली. परंतु शताधिपतीने तांडेलाचे व मालकाचे ऐकले. दक्षिणेचा मंद वारा सुटला, तेव्हा सर्वांस वाटले की आता भय नाही. थोड्याच वेळात तुफान उठले. खलाशांनी दोर घेऊन तारू खालून आवळले, पुढे जड सामान समुद्रात टाकले, रात्री चार नांगर सोडले. नांगर सोडण्यापूर्वीच देवदूताकडून पौलास वचन मिळाले होते की कोणाचाही प्राण जाणार नाही. आता लक्ष द्या. हे वचन मिळाल्यावरही, खलाशी होडीतून पळू लागले तेव्हा पौल शिपायांस म्हणाला की हे लोक तारवात न राहिले तर तुमचा बचाव होणार नाही. त्याने सर्वांस अन्न खाण्याचा आग्रह केला व स्वतः उपकारस्तुती करून भाकर मोडली. शेवटी तारू फुटले, पण 276 माणसे, कोणी पोहून, कोणी फळ्यांवर, किनाऱ्यास लागली. वचन देवाचे होते. दोर, नांगर, भाकर व फळ्या ही त्याचीच साधने होती. ज्याने वचन दिले त्यानेच साधने दिली. साधने नाकारणे म्हणजे विश्वास नव्हे.

सूचना ऐकल्याने काय होते, हे आपल्याच देशात दिसून आले आहे. 1999 च्या ऑक्टोबरात ओडिशाच्या किनाऱ्यावर मोठे चक्रीवादळ आले व सुमारे दहा हजार माणसे दगावली. 2013 च्या ऑक्टोबरात त्याच किनाऱ्यावर फायलिन नावाचे प्रचंड वादळ आले. ह्या वेळी लाखो लोकांस आधीच सुरक्षित इमारतींत नेण्यात आले, आणि मृतांची संख्या काही दशकांवरच थांबली. वारा दोन्ही वेळां भयंकर होता. फरक पडला तो वेळेवर मिळालेल्या व पाळलेल्या सूचनेने.

आता घरची तयारी सांगतो. हवामान खात्याचा पिवळा इशारा म्हणजे सावध राहा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे ताबडतोब हालचाल करा. रेडिओ, तहसील कचेरी व ग्रामपंचायत ह्यांचे ऐकावे. मोबाइलवर फिरणाऱ्या निनावी बातम्यांवर विसंबू नये.

ऋतू लागण्यापूर्वी आढे, वासे व पत्र्यांचे हूक तपासावेत, सैल असतील ते आवळावेत, घरावर झुकलेल्या फांद्या छाटाव्यात. शिधापत्रिका, आधारपत्र, सातबारा, बँकेचे पुस्तक व पवित्र शास्त्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवावे. माणशी रोजचे तीन-चार लिटर, असे तीन दिवसांचे पिण्याचे पाणी झाकून भरावे. पोहे, चुरमुरे, भाजलेले चणे, गूळ, मीठ, काडेपेटी, विजेरी, नेहमीची औषधे व थोडी रोख रक्कम जवळ असावी. वीज गेली म्हणजे यंत्रातून पैसे निघत नाहीत. मोबाइल आधीच भरून घ्यावा. दिवस भरत आलेल्या गरोदर बाईस वादळापूर्वीच दवाखान्याजवळ न्यावे. गुरांची दावी सोडून त्यांस उंचवट्यावर न्यावे. बांधलेले जनावर पाण्यात उभ्याउभ्या मरते.

घर कुडाचे, मातीचे किंवा पत्र्याचे असेल तर दिवसाउजेडी, वारा सुटण्यापूर्वी, स्लॅबच्या इमारतीत जावे. खाडीकाठच्या लोकांनी उधाणाची वेळ लक्षात ठेवावी : भरतीच्या वेळी मोठा पाऊस झाला तर गाढी नदीचे पाणी खाडीत उतरत नाही, मागे फुगते. डोंगराच्या कुशीतल्या वाड्यांनी तर अधिकच जपावे. जुलै 2023 मध्ये अतिवृष्टीत दरड कोसळून खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी झोपेतच गाडली गेली, हे आपण विसरू नये.

प्रार्थनामंदिराविषयी एक स्पष्ट शब्द. मंदिराचे छप्पर पत्र्याचे असेल तर, ते प्रभूचे घर आहे एवढ्यावरून, तेथे लोकांस जमवू नये. प्रार्थना शाळेच्या खोलीतही ऐकली जाते.

घर पक्के असून आत राहणे झाले तर विजेचे मुख्य बटण व गॅसची टाकी बंद करावी, खिडक्यांपासून दूर आतल्या खोलीत बसावे. चक्रीवादळाचा वारा मध्याभोवती फिरत असतो. तो मध्य आपल्यावरून जाऊ लागला म्हणजे वारा एकाएकी पडतो, आभाळही उघडते. वादळ सरले असे समजून लोक बाहेर पडतात, आणि थोड्या वेळाने वारा उलट दिशेने तितक्याच जोराने येतो. पौलाच्या सोबत्यांस मंद वाऱ्याने जसे फसविले, तसे ह्या शांततेने आपणांस फसवू नये. धोका टळल्याचे सरकारी सांगणे येईपर्यंत दार उघडू नये.

वादळ गेल्यावर तुटलेल्या तारेला हात लावू नये, तिच्याजवळील पाण्यातही पाय घालू नये, वीजमंडळास कळवावे. पाणी उकळूनच प्यावे. साचलेल्या पाण्यातून अनवाणी चालू नये, विशेषतः पायाला जखम असेल तर. लेप्टोचा ताप अशाच पाण्यातून येतो. ओल्या छपरावर घाईने चढू नये. मदतीसाठी 112, रुग्णवाहिकेसाठी 108 व जिल्हा आपत्ती कक्षासाठी 1077 हे आकडे मुलांसही पाठ असावेत.

शेवटी, कोणाचे घर पडले तर त्याच्या पापामुळे पडले, असे कोणी बोलू नये. शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेले, तेव्हा ते इतरांहून अधिक पापी होते हा विचार प्रभूने स्वतः नाकारला. पडलेल्या घराकडे बोट न दाखविता हात पुढे करावा. पौलाच्या तारवात ख्रिस्ती थोडे होते, तरी बचाव सर्वांचा झाला. म्हणून उपदेशकाने आपल्या वाडीतील एकट्या विधवा, आजारी, अपंग व वृद्ध ह्यांची यादी आजच करावी, त्यांत हिंदू-मुसलमान शेजारीही असावेत, आणि प्रत्येकास हात धरून नेणारा माणूस आधीच नेमावा. असे करणारी मंडळी वादळाच्या रात्री जी प्रार्थना करील, ती खऱ्या अर्थाने सर्वांसाठी केलेली प्रार्थना होईल.

वर्गासाठी प्रश्न
1. वचन मिळाल्यावरही पौलाने खलाशांस का थांबविले?
2. आपल्या गावात स्लॅबची इमारत कोणती, व तेथे जाण्याची वाट पाण्याखाली जाते काय?
3. आपल्या शेजारी असा कोण आहे की जो एकट्याने बाहेर पडू शकणार नाही? त्यास कोण आणील?