‘उद्या करीन’ : तरुण मुले कामे पुढे का ढकलतात?

शास्त्रपाठ : मत्तय 25:14-30, प्रेषितांची कृत्ये 24:22-27.
घरी वाचण्यासाठी : नहेम्या अध्याय 3 व 6:15, योहान 21:15-19, कलस्सैकरांस 3:21.



आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत चार आईबाप एकत्र बसले म्हणजे एक गाऱ्हाणे हटकून निघते. मुलगा पंधरा-सोळा वर्षांचा झाला, दहावीची परीक्षा तोंडावर आली, तरी पुस्तक हाती धरीत नाही. विचारावे तर म्हणतो, ‘उद्या बसतो.’ उद्या उजाडला म्हणजे पुन्हा तेच उत्तर. शेवटी तहान लागल्यावर विहीर खणावी, तसा परीक्षेच्या आदल्या रात्री जागत बसतो. आईबाप म्हणतात, ‘पोर आळशी निघाले.’ शाळेचे गुरुजी तेच म्हणतात, आणि आम्ही शब्बाथशाळेचे शिक्षकही तेच म्हणतो. हे निदान बरोबर आहे काय, ह्याचा आजच्या पाठात विचार करावयाचा आहे. रोग एक आणि औषध दुसऱ्याच रोगाचे, असे झाले तर रोगी बरा होत नाही. उलट अधिक बिघडतो.

आळस हे पुरते उत्तर नव्हे

ज्या मुलास आपण आळशी म्हणतो, त्याचा सबंध दिवस एकदा नीट पाहा. शेतीच्या पंपाला रात्रीची वीज असते त्या आठवड्यात हाच मुलगा दोन वाजता उठून, हाती बॅटरी घेऊन, पिकाला पाणी देण्यास जातो. वाफसा आला म्हणजे पेरणीस तो बापाच्या बरोबरीने राबतो; वाफसा उद्यापर्यंत वाट पाहत नाही, हे त्यास कोणी शिकवावे लागत नाही. नाताळात उपासनामंदिर सजविण्यास सर्वांच्या आधी तोच शिडीवर चढतो. मग गणिताचे पुस्तक समोर येताच तोच मुलगा आळशी कसा होतो?

खरा आळशी सर्वच कामांत आळशी असतो. हा मुलगा मात्र काही ठराविक कामांपासूनच दूर पळतो. ती कामे कोणती? ज्यात चुकण्याची भीती आहे, ज्याचा कंटाळा येतो, ज्याचा आरंभ कोठून करावा हे कळत नाही, आणि ज्याचे फळ फार दूर आहे. 2013 साली फ्युशिया सिरोइस व टिमोथी पिचिल ह्या मानसशास्त्रज्ञांनी असे प्रतिपादन केले की, चालढकल ही मुख्यतः वेळेच्या हिशोबातील चूक नसून मनातील नकोशा भावनेपासून पळण्याची ती एक रीत आहे. काम पुढे ढकलले की जीव तेवढ्यापुरता हलका होतो, आणि हा हलकेपणाच पुढच्या वेळी पुन्हा ढकलण्यास लावतो.

हे शास्त्रज्ञांनी आज सांगितले. परंतु पवित्र शास्त्रात त्याचे चित्र फार पूर्वीच रेखाटले आहे. कैसरियात सुभेदार फेलिक्स ह्याने आपली पत्नी द्रुसिल्ला हिच्यासह पौलाचे भाषण ऐकले. नीतिमत्त्व, संयम आणि येणारा न्याय ह्यांविषयी पौल बोलू लागला, तेव्हा फेलिक्सास भय वाटले. त्याने पौलाचे म्हणणे नाकारले नाही; केवळ अधिक सोयीच्या वेळेवर टाकले आणि त्यास जाण्यास सांगितले. पौल दृष्टीआड झाला, तसे ते भयही दृष्टीआड झाले असेल. पुढे त्याने पौलास अनेकदा बोलाविले. पण ते लाच मिळेल ह्या आशेने. दोन वर्षे लोटली, त्याच्या जागी पोर्क्य फेस्त आला, आणि पौल बंदीत तसाच राहिला. ती सोयीची वेळ आल्याचे शास्त्रात कोठेही लिहिलेले नाही.

ह्याच वयात हे अधिक का होते?

पहिले कारण शरीराचे. 1999 साली जे गीड व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत मुलांच्या मेंदूची वर्षानुवर्षे घेतलेली चित्रे तपासून दाखविले की, मेंदूची घडण बाळपणी संपत नाही. ती तारुण्यातही चालू असते. पुढचा विचार करणे, मोहास आवरणे, कामाची आखणी करणे ही कामे ज्या भागाकडे आहेत, तो कपाळामागील भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत असतो. आवड, उत्साह व मित्रांची ओढ मात्र त्या आधीच जोर धरितात. बैल तरणे आणि कासरा अजून कच्चा, अशी ही स्थिती आहे. शिवाय ह्या वयात झोपेची वेळही निसर्गतः पुढे सरकते. म्हणून पहाटे चारला उठवून बसविलेला मुलगा पुस्तकावर पेंगला, तर तो सर्वस्वी त्याचा अपराध नव्हे.

दुसरे कारण मानाचे. ह्या वयात मुलास इतरांच्या डोळ्यांत आपण कसे दिसतो ह्याची फार चिंता असते. मन लावून अभ्यास केला आणि तरीही नापास झालो, तर लोक म्हणतील, ह्याला बुद्धीच नाही. अभ्यासच केला नाही आणि नापास झालो, तर म्हणतील, पोर हुशार आहे पण आळशी आहे. ह्या दोहोंत दुसरी निंदा त्यास सोसते, पहिली सोसत नाही. आपल्या अपयशाला आधीच सबब तयार करून ठेवण्याची ही मनुष्याची खोड स्टीव्हन बर्गलास व एडवर्ड जोन्स ह्यांनी 1978 साली प्रयोगाने दाखवून दिली. तेव्हा आपण मुलास आळशी म्हणतो, त्या क्षणी आपण त्यास लपण्यास जागाच करून देतो.

तिसरे कारण पळवाटेचे. पूर्वी पुस्तकापासून पळणाऱ्या मुलास निदान नदीवर किंवा पारावर जावे लागे. आता पळवाट खिशातच असते. मोबाईलवर बोट फिरविले की भीती क्षणात विसरते आणि रात्र निघून जाते.

ह्या हलकेपणाची किंमत मात्र पुढे भरावी लागते. डायन टाइस व रॉय बॉमाइस्टर ह्यांनी 1997 साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांविषयी असे प्रसिद्ध केले की, चालढकल करणारे सत्राच्या आरंभी इतरांहून अधिक निश्चिंत होते. परंतु सत्राच्या अखेरीस त्यांचा ताण व आजार इतरांहून अधिक झाले, आणि गुणही त्यांस कमीच मिळाले.

जमिनीत पुरलेले द्रव्य

आता आपल्या मुख्य शास्त्रपाठाकडे वळू. धन्याने परदेशी जाताना आपले द्रव्य तीन दासांस सोपविले. पहिल्या दोघांनी ते दुप्पट केले. तिसऱ्याने खड्डा खणून ते पुरून ठेविले. त्याने दिलेले कारण लक्षात घ्या. मला कंटाळा आला, असे तो म्हणत नाही. मी भ्यालो, असे तो सांगतो. धनी कठोर आहे अशी त्याची समजूत होती, आणि त्या समजुतीने त्याचे हात बांधून टाकिले.

येथे तीन गोष्टी शिकावयाच्या आहेत. पहिली ही की, धन्याने प्रत्येकाची शक्ती पाहूनच द्रव्य दिले होते. शेजारच्या घरच्या मुलाचे पाच आपल्या एकवाल्यावर लादणारे आपण आईबाप ह्या धन्यासारखे वागत नाही. दुसरी ही की, द्रव्य निदान पेढीवर ठेवावयाचे होते, असे धनी म्हणतो. म्हणजे अगदी थोडा प्रयत्नही त्याने मान्य केला असता. तिसरी गोष्ट कठीण आहे, पण ती झाकून ठेवता येत नाही. भीतीचे कारण ऐकूनही धन्याने त्या दासास आळशी म्हटलेच. भीती हे कारण आहे, सुटका नव्हे. मुलाची भीती समजून घेणे म्हणजे त्यास कर्तव्यातून मोकळे करणे, असा अर्थ कोणी करू नये.

परंतु धन्याचे हे शब्द बोलण्याचा अधिकार आपला आहे काय? प्रस्तुत लेखकास येथे आपला एक दोष सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या शब्बाथशाळेतील एका मुलाने पाठांतर तीन रविवार पुढे ढकलले. चौथ्या रविवारी मी त्यास सर्वांसमोर उभे केले आणि आळशी म्हटले. पाचव्या रविवारी तो आला नाही. त्यानंतरही आला नाही. पुढे त्याच्या आईकडून कळले की, त्यास वाचताना अक्षरे जुळविणेच कठीण जात असे, आणि ते इतर मुलांस कळू नये म्हणून तो ‘पुढच्या रविवारी’ म्हणत होता. तो कठोर धनी मला समजत होता, आणि मी त्याची समजूत खरी करून दाखविली. बापांनी मुलांस चिडवून खिन्न करू नये, असे पौलाने कलस्सैकरांस सांगितले आहे. ते शिक्षकांसही लागू आहे.

उपाय काय?

1. आधी क्षमा, आणि क्षमेबरोबरच काम. कॅनडातील कार्लटन विद्यापीठात मायकेल वोल, टिमोथी पिचिल व शॅनन बेनेट ह्यांनी परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्यांची पाहणी करून 2010 साली ती प्रसिद्ध केली. पहिल्या परीक्षेच्या वेळी चालढकल केलेल्यांपैकी ज्यांनी स्वतःस क्षमा केली, त्यांनी दुसऱ्या परीक्षेच्या वेळी चालढकल कमी केली. जे स्वतःस दोष देत राहतात, त्यांस पुस्तक पाहताच ती लाजही आठवत असावी, आणि लाजेपासून पळण्यास ते पुन्हा काम टाळीत असावेत. पुनरुत्थित प्रभूने तिबिर्य समुद्राच्या काठी पेत्रास असेच उभे केले. मागील नाकारण्याचा हिशोब मागत न बसता त्याने त्याच्या प्रीतीविषयी विचारिले, आणि तीनही वेळा लगेच काम सोपविले. क्षमा आणि काम ही प्रभूने एकत्रच दिली. आपणही ती तोडू नये.

2. काम लहान करा. ‘अभ्यासाला बस’ हे वाक्य मुलास डोंगराएवढे वाटते. ‘ही दोन उदाहरणे सोडव’ हे त्यास पेलते. नहेम्याच्या काळी यरुशलेमेचा तट पडलेला होता. सबंध तट कोणा एकाच्या माथी मारिला नाही. पुष्कळांनी आपापल्या घरासमोरचा भाग बांधिला, शल्लूमाने तर आपल्या मुलींस बरोबर घेऊन बांधिला. तो तट 52 दिवसांत पुरा झाला. प्रथम केवळ दहा मिनिटे बसावयास सांगा. आरंभाची भीती हीच बहुधा सर्वांत मोठी भीती असते. ती गेली म्हणजे पुढची वाट सोपी होते.

3. वेळ व जागा नेमा. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर व वेरोनिका ब्रान्डश्टेटर ह्यांनी 1997 साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आपणांस विशेष गोड वाटेल. नाताळची पूर्वसंध्या कशी घालविली ह्याचे वर्णन पुढील दोन दिवसांत लिहून पाठविण्यास विद्यार्थ्यांस सांगितले होते. कोठे व केव्हा लिहावयाचे हे ज्यांनी आधीच ठरविले, त्यांतील सुमारे तीन चतुर्थांशांनी ते वेळेत लिहिले. ज्यांनी तसे ठरविले नाही, त्यांतील केवळ एक तृतीयांशांनी. तेव्हा ‘उद्या करीन’ ह्याच्या ऐवजी ‘सायंकाळी दूध घालून आलो की ओसरीवर बसून करीन’ असे म्हणण्यास मुलास शिकवा. त्या वेळी मोबाईल दुसऱ्या खोलीत असावा, बापाचाही.

4. जे चालढकल नव्हे त्यास चालढकल म्हणू नका. पाणी भरणे, भाकऱ्या, धुणे-भांडी आणि धाकट्या भावंडांचा सांभाळ करून रात्री नऊला पुस्तक उघडणारी मुलगी काम पुढे ढकलीत नाही. आपणच तिचा अभ्यास पुढे ढकलीत असतो. तिच्या कामाचा वाटा तिच्या भावाने उचलावा. तसेच एखादे मूल आवडीच्या कामांतूनही मन काढून घेऊ लागले, त्याची झोप व अन्न तुटले, तर उपदेश करीत न बसता त्यास डॉक्टरांकडे न्यावे.

मंडळीत चर्चेसाठी प्रश्न

1. आपल्या घरातील मूल कोणते काम वेळेवर करिते व कोणते टाळिते? ह्या दोहोंत फरक काय आहे?
2. फेलिक्साने टाळिले ते काम होते की भय?
3. तिसऱ्या दासास धनी कठोर वाटला. आपल्या मुलांस आपण कसे वाटतो, हे आपण त्यांस कधी विचारिले आहे काय?
4. आपण मोठ्यांनी स्वतः कोणते काम भीतीमुळे ‘सवड मिळेल तेव्हा’ म्हणून ठेविले आहे? कोणाशी करावयाचा समेट? कोणाची मागावयाची क्षमा?

हा शेवटचा प्रश्न लिहिताना लेखणी थांबली. ज्या मुलाची हकिगत वर सांगितली, तो आता तरुण झाला असून तालुक्याच्या गावी काम करितो. त्याच्या घरी जाऊन चूक कबूल करावी, असे मी पुष्कळ दिवसांपासून म्हणत आहे, आणि सोयीचा दिवस अजून सापडलेला नाही. फेलिक्साचा धडा दुसऱ्यांस शिकवून स्वतः त्याच्याच आसनावर बसणे बरे नव्हे. येत्या शनिवारी सकाळी सातच्या एस.टी.ने मी जाणार आहे. वाचकांनी त्या भेटीसाठी प्रार्थना करावी. आणि त्यांच्याही घरी असे कोणी उभे राहून वाट पाहत असेल, तर त्याच्याकडे जाण्याचा वार व वेळ त्यांनी आजच नेमावी.