किलोमीटरला चार मिनिटे : लांब पल्ल्याच्या धावण्याचा एक पाठ

कॅडेट मित्रांनो, मॅरेथॉन म्हणजे नेमके किती अंतर? झाशीहून ओरछ्याला धावत जायचे, रामराजाच्या मंदिरापासून मागे फिरायचे आणि झाशीला परत यायचे. तरीही मॅरेथॉन पुरी होत नाही. आणखी काही किलोमीटर उरतात. आजचे ठरलेले अंतर ४२.१९५ किलोमीटर आहे. हे अंतर नोकरी, शेती किंवा अभ्यास सांभाळून धावणारा हौशी माणूस कसे पार करतो, ते या पाठात पाहू.

बेळगावचा धावपटू

१९२० साली बेल्जियममधील अँटवर्प येथे ऑलिम्पिक झाले. तेथील मॅरेथॉनमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले धावले. त्यापूर्वी पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत सर दोराबजी टाटा यांनी शेतकऱ्यांची मुले अनवाणी धावताना पाहिली होती. त्यांना ना शास्त्रोक्त शिक्षण होते, ना नियमांची माहिती. तरी त्यांच्या वेळा युरोपातील धावपटूंच्या जवळपास येत होत्या. दोराबजींच्या पुढाकाराने भारतीय चमू अँटवर्पला गेला. चौगुले यांनी २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत शर्यत पूर्ण केली आणि १९वा क्रमांक मिळवला. त्या वर्षीचे अंतर ४२.७५ किलोमीटर होते, म्हणजे आजच्यापेक्षा अर्ध्या किलोमीटरहून अधिक.

वेगाचा हिशेब

आता वही काढा. २ तास ५० मिनिटे ४५ सेकंद म्हणजे १०,२४५ सेकंद. त्याला ४२.७५ ने भागा. उत्तर येते किलोमीटरला जवळजवळ ४ मिनिटे. विजेता फिनलंडचा हान्नेस कोलेह्मायनेन २ तास ३२ मिनिटे ३६ सेकंदांत पोहोचला. त्याचा वेग किलोमीटरला ३ मिनिटे ३४ सेकंद पडतो. फरक किलोमीटरमागे फक्त २५ सेकंदांचा, पण शेवटी तो १८ मिनिटांचा झाला.

समजा, ४ मिनिटांचा वेग झेपणाऱ्या धावपटूने जोशात पहिले ५ किलोमीटर विजेत्याच्या वेगाने काढले. त्याचे जेमतेम २ मिनिटे वाचतील. पण पुढे दम संपून चालावे लागले, आणि चालण्याला किलोमीटरला १० मिनिटे धरली, तर एकाच किलोमीटरमध्ये ६ मिनिटे जातील. म्हणून सुरुवातीला मागे राहण्याची तयारी हवी.

शिदोरी कुठे संपते?

आपल्या स्नायूंत आणि यकृतात साखरेचा साठा असतो, त्याला ग्लायकोजेन म्हणतात. तो साधारण ४०० ते ५०० ग्रॅम, म्हणजे १,६०० ते २,००० कॅलरी. ६० किलो वजनाच्या माणसाला एक किलोमीटर धावायला सुमारे ६० कॅलरी लागतात. भागाकार केला की कळते, साठा २७ ते ३३ किलोमीटरच्या दरम्यान संपू शकतो. धावपटू ज्याला ‘भिंत’ म्हणतात ती हीच.

उपाय असा, की शरीराला चरबी वापरण्याची सवय लावायची. ती सवय लागते सावकाश धावण्याने. बरोबरच्या मित्राशी पूर्ण वाक्ये बोलता यावीत, इतका तो वेग हळू असावा. आठवड्यात बहुतेक दिवस असे धावा, एकच दिवस वेगाचा आणि एक लांब पल्ल्याचा ठेवा. अंतर थोडे थोडे वाढवा. झोप हा सरावाचाच भाग आहे.

तीन खेळ, एकच हृदय

ट्रायथलॉनमध्ये पोहणे, सायकल आणि धावणे सलग करावे लागते. आयर्नमॅन ही त्यातील मोठी शर्यत १९७८ साली हवाई बेटांवर सुरू झाली. तिची कल्पना अमेरिकी नौदलातील अधिकारी जॉन कॉलिन्स व त्यांच्या पत्नी ज्युडी यांची. ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि वर पूर्ण मॅरेथॉन. १५ जण उतरले, १२ जणांनी पूर्ण केली. २०१९ पासून गोव्यात याच्या निम्म्या अंतराची शर्यत होऊ लागली. तुमच्यासाठी यातला धडा असा : पोहण्याने आणि सायकलने हृदय व फुप्फुसे तयार होतात, पण गुडघ्यांना रोजचा मार बसत नाही.

वेळ नाही म्हणणाऱ्यांनी झाशीच्याच ध्यानचंदांना आठवावे. पलटणीतली ड्यूटी संपल्यावर ते चांदण्यात हॉकीचा सराव करत.

ऊन आणि अभिमान

आता सर्वांत महत्त्वाचे. धावताना स्नायूंनी वापरलेल्या ऊर्जेपैकी सुमारे पाऊण हिस्सा उष्णता होऊन बाहेर पडतो. घाम सुकला तरच शरीर थंड होते. झाशीत मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांपर्यंत जातो. तेव्हा धावणे सूर्योदयापूर्वीच उरकावे. नव्याने आलेल्या मुलाला उन्हाची सवय व्हायला १० ते १४ दिवस द्यावेत. तहान लागेल तसे पाणी प्यावे. लांब पल्ल्याला त्यात मीठ-साखर असावी. नुसते पाणी बेसुमार पिणेही घातक, कारण रक्तातले मीठ कमी होते.

१९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो उन्हात मॅरेथॉन धावताना कोसळला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. चक्कर, उलटी, असंबद्ध बोलणे, तोल जाणे, यांपैकी एकही खूण दिसली की थांबा. सोबत्याला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर गार पाणी ओता, वारा घाला आणि लगेच डॉक्टरांना बोलवा.

‘मध्येच थांबलो तर तुकडीत नाक कापले जाईल,’ हा विचार उन्हाइतकाच धोक्याचा आहे. अँटवर्पला चौगुले यांच्याबरोबर सदाशिव दातारही धावले. त्यांना शर्यत पूर्ण करता आली नाही. तरी भारताच्या पहिल्या ऑलिम्पिक मॅरेथॉनपटूंत त्यांचे नाव आहेच. शिक्षकांनी आणि पालकांनी थांबलेल्या मुलाला आधी पाणी द्यावे. प्रश्न नंतर विचारावेत. आणि १८ वर्षे पूर्ण होईपर्यंत मॅरेथॉनचा हट्ट धरू नये. या वयात ५ आणि १० किलोमीटर चांगले धावता आले, तर पुढचे ४२ तुमची वाट पाहतील.

स्वाध्याय

१. ४२.१९५ किलोमीटर ५ तासांत पूर्ण करायचे असल्यास किलोमीटरला किती वेळ मिळेल?
२. ५० किलो वजनाच्या धावपटूचा १,८०० कॅलरींचा साठा कितव्या किलोमीटरला संपेल?
३. चार आठवडे रोजचे अंतर, वेळ आणि झोपेचे तास वहीत लिहा. ज्या दिवशी धावणे जड गेले, त्याच्या आदल्या रात्रीची झोप तपासा.
४. उष्माघाताच्या चार खुणा आणि प्रथमोपचार आपल्या जोडीदाराला तोंडी सांगा. तो चुकला तर त्याला पुन्हा विचारा.