पंचांच्या श्रमांचे मोल

खेळाचा न्याय पंचांच्या अनुभवावर अवलंबून असतो. अमेरिकन फुटबॉलच्या ‘नॅशनल फुटबॉल लीग’ने वेतन व निवृत्तिवेतनाच्या वादातून जून २०१२ मध्ये आपल्या पंचांविरुद्ध टाळेबंदी पुकारली आणि खालच्या स्तरावरील पंच बदली म्हणून नेमले. २४ सप्टेंबर रोजी सिअ‍ॅटल येथे अखेरच्या क्षणी दिलेल्या वादग्रस्त निर्णयामुळे ग्रीन बे संघ पराभूत ठरला. देशभर क्षोभ उसळला आणि दोनच दिवसांत समझोता झाला. त्यानुसार पंचांचे सरासरी वार्षिक वेतन २०११ मधील १,४९,००० डॉलरवरून २०१९ पर्यंत २,०५,००० डॉलरवर नेण्याचे ठरले. कसबी श्रमिकाची जागा ऐनवेळी भरता येत नाही, म्हणून त्याचा न्याय्य मोबदला वेळीच ठरविणे उभयपक्षी हिताचे असते, हाच यातील बोध होय.