गॅस संपत नाही, गळतो

(अभ्यासपाठ : गटाच्या मासिक सभेत एकीने वाचावा, बाकीच्यांनी मध्येच अडवून प्रश्न विचारावेत)



मी राहते भाईंदर पूर्वेला, जेसल पार्कमध्ये. खाडी अगदी जवळ. मार्च उजाडला की आमच्याकडे इमारतीइमारतींवर एसीवाले लटकलेले दिसतात. गेल्या उन्हाळ्यात समोरच्या इमारतीत एक जुना एसी काढत होते. मेकॅनिकने बाहेरच्या डब्याच्या नळीचा नट सैल केला आणि फुस्स्स असा आवाज सुरू झाला, कुकरची शिट्टी अडकते ना तसा. मिनिटभर तरी चालला असेल. मी खालून ओरडून विचारलं, "दादा, काय सोडताय?"

"काही नाही ताई, गॅस आहे. हवाच असते ती."

तेव्हा मी मान हलवली आणि स्टेशनचा रस्ता धरला. खरं सांगायचं तर मलाही काही माहीत नव्हतं. समाजकार्याच्या पदवीत हे कुणी शिकवत नाही. माझे डोळे उघडले ते खाडीपलीकडच्या एका गटाच्या सभेत.

त्या गटातल्या एका मावशींनी १६,००० रुपयांचं अंतर्गत कर्ज काढून जुना डीप फ्रीजर घेतला होता. मासळी विकतात. उरलेली कोळंबी, सुरमई दुसऱ्या दिवशी पडेल भावात द्यावी लागू नये एवढाच हेतू. फ्रीजर आला, दोन महिने चांगला चालला, मग थंडावा कमी. मेकॅनिक म्हणाला, गॅस संपला. भरला, २,२०० रुपये. अडीच महिन्यांनी परत संपला. परत भरला. तिसऱ्यांदा भरला तेव्हा मावशींचा हप्ता चुकला. सभेत सगळ्या त्यांच्याकडे बघायला लागल्या तशा त्या म्हणाल्या, "गॅस भरला ना बाय. मग हप्ता कुठून भरू?" आठ महिन्यांत ६,६०० रुपये नुसते गॅसचे. मी इतिवृत्तात "हप्ता थकीत" असं लिहिलं, पण ते लिहिताना काहीतरी चुकतंय असं वाटत राहिलं. म्हणून शोधायला लागले.

पहिली गोष्ट जी कळली ती या पाठाचं नाव आहे. फ्रीजमधला गॅस सिलिंडरमधल्या गॅससारखा जळून संपत नाही. तो आत फिरत राहतो. विहिरीवरचं रहाटगाडगं आठवा. तेच पोहरे खाली जातात, भरून वर येतात, रिकामे होऊन परत खाली. फ्रीजमध्ये पोहऱ्यांच्या जागी गॅस असतो आणि पाण्याच्या जागी उष्णता. आतल्या नळीत तो पातळ द्रवाचा वायू होतो आणि होताना मासळीतली, दुधातली उष्णता शोषून घेतो. कॉम्प्रेसर त्याला दाबून मागच्या जाळीत पाठवतो, तिथे तो उष्णता बाहेर टाकून परत द्रव होतो. म्हणूनच फ्रीजच्या मागे किंवा बाजूला हात लावला की गरम लागतं. नळ्या पूर्ण बंद असतात. कुठे भोक नसेल तर पंधरा-वीस वर्षंही तोच गॅस चालतो.

म्हणजे "गॅस संपला" याचा अर्थ एकच, कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या हंड्यात पाणी ओतणं. मावशींनी तीन वेळा ओतलं.

आता तो गळलेला गॅस जातो कुठे? वर. आणि तिथे काय करतो, ही गोष्ट १९७४ पासून जगाला माहीत आहे. त्या वर्षी मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड या दोन शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की तेव्हाच्या फ्रीजमधले सीएफसी वायू वर जाऊन ओझोनचा थर खातात. हा थर सूर्याचे घातक किरण अडवतो. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावर त्या थराला पडलेलं खिंडार प्रत्यक्ष मोजलं गेलं, १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला, १९९२ मध्ये भारतही त्यात आला. १९९५ मध्ये मोलिना, रोलंड आणि पॉल क्रुट्झन यांना नोबेल मिळालं. ओझोन सावरायला लागला. पण सीएफसीच्या जागी टप्प्याटप्प्याने जे वायू आले, त्यांनी दुसरं दुखणं आणलं. ते हवेत उष्णता धरून ठेवतात, आणि भयंकर धरून ठेवतात.

आकडा सांगते. जुन्या एसीत आर-२२ नावाचा वायू असतो. तो १ किलो हवेत गेला, तर शंभर वर्षांच्या हिशेबात १,८१० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरतो. एक लिटर पेट्रोल जाळल्यावर साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे तो एक किलो वायू म्हणजे जवळजवळ ७८० लिटर पेट्रोल. आणि दीड टनाच्या जुन्या एसीत एवढा गॅस सहज असतो. माझ्यासमोर मिनिटभरात "हवाच" म्हणून सोडला तो हा. आर-४१०ए तर आणखी वाईट, २,०८८ पट. त्यामानाने हल्लीच्या एसीतला आर-३२ सुमारे ६७५ पट, आणि नव्या घरगुती फ्रीजमधला आर-६००ए फक्त ३ पटीच्या आसपास. (हा आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन, आपल्या शेगडीच्या गॅसचा सख्खा भाऊ. त्याबद्दल पुढे.)

अवकाळी पाऊस, आंब्याचा मोहर गळणं, एप्रिलमध्ये अंगाची लाही होणं हे सगळं एकट्या फ्रीजमुळे होतं असं मी म्हणणार नाही. पण २०१७ मध्ये पॉल हॉकेन यांच्या गटाने हवामानावरच्या उपायांची क्रमवारी लावली, तेव्हा हे वायू नीट सांभाळणं हा उपाय पहिल्या क्रमांकावर आला होता. सौर ऊर्जेच्याही वर. मला वाचून धक्काच बसला होता.

मग मेकॅनिक तो पकडत का नाहीत? पकडण्याचं यंत्र आहे. त्याला रिकव्हरी मशीन म्हणतात. ते एसीतला गॅस ओढून वेगळ्या सिलिंडरमध्ये भरतं. सिलिंडर वजनकाट्यावर ठेवायचा, ८० टक्क्यांच्या वर भरायचा नाही, दोन जातींचे गॅस मिसळायचे नाहीत. पकडलेला गॅस गाळून, त्यातलं तेल आणि ओल काढून परत वापरता येतो. अगदी कारखान्यासारखा शुद्धही करता येतो. हे तंत्र नवीन नाही. पण मेकॅनिकच्या बाजूने विचार करा. यंत्र महाग, वजन उचलून चौथ्या मजल्यावर न्यायचं, अर्धा-पाऊण तास जास्त लागणार, आणि पकडलेला गॅस घेणार कोण? भंगारवाल्याचंही तसंच. तांब्याला भाव आहे, लोखंडाला भाव आहे, गॅसला नाही. म्हणून तो नळी कापतो आणि मोकळा होतो.

हे आपल्याला समजायला अवघड नाही. रस्त्यावरची पाण्याची बाटली कचरा वेचणारी बाई उचलते आणि वेफर्सचं पाकीट तिथेच राहतं, ते का? बाटलीला किलोमागे पैसे मिळतात.

नेमका हाच धागा इंडोनेशियात काही लोकांनी पकडला. २०२१ मध्ये लुई पोटोक यांनी तिथे रिकूलइट नावाची छोटी कंपनी सुरू केली. इंडोनेशिया आपल्यासारखाच. दमट, गरम, झपाट्याने एसी घेणारा, आणि दुरुस्ती सगळी गल्लीतल्या छोट्या दुकानांतून चालणारी. या कंपनीने मेकॅनिकला उपदेश केला नाही. त्यांना प्रशिक्षण दिलं, गॅस पकडायची साधनं दिली आणि पकडून आणलेल्या गॅसचे पैसे दिले. कुठल्या यंत्रातून किती गॅस आला याची मोबाइलवर नोंद, मग गॅसची तपासणी. नंतर तो अतिशय उंच तापमानाच्या भट्टीत कायमचा नष्ट करतात. हे पैसे येतात कुठून? जगातल्या मोठ्या कंपन्या स्वतःच्या प्रदूषणाची भरपाई म्हणून अशा कामाचे कार्बन क्रेडिट विकत घेतात, त्यातून.

इथे दोन गोष्टी मला खटकतात, त्या लपवत नाही. एक, गॅस शुद्ध करून परत वापरला तर नवा गॅस कमी बनवावा लागेल, मग नष्ट का करायचा? त्याचं उत्तर असं की गल्लीतून येणारा गॅस बऱ्याचदा मिसळलेला असतो आणि मिसळलेला वेगळा करणं खर्चाचं. शिवाय परत वापरलेला गॅस फुटक्या यंत्रात गेला की उद्या हवेतच. पण शुद्ध मिळेल तो परत वापरावा असंच माझं मत आहे. दुसरी गोष्ट, पैसा दोन्ही बाजूंनी कापतो. पूर्वी संयुक्त राष्ट्रांच्या एका योजनेत एचएफसी-२३ हा वायू नष्ट करायला क्रेडिट मिळायचं. काही कारखाने नष्ट करण्यासाठीच तो जास्त बनवतात असा संशय आला आणि २०१३ पासून युरोपने ती क्रेडिट घेणं बंद केलं. म्हणून काटा, नोंद, तपासणी. गटाचं रजिस्टर आपण उगाच लिहीत नाही, तसंच हे.

तरी मला ही माणसं आवडली. यंत्र कुणीतरी आधीच शोधलेलं होतं. यांनी बोट ठेवलं ते मेकॅनिकच्या रोजगारावर.

आपल्याकडे काय आहे? कायदा बदलतोय. आर-२२ सारखे वायू घालून नवी यंत्रं बनवणं भारतात १ जानेवारी २०२५ पासून बंद झालं. २०१६ च्या किगाली कराराला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली. त्यानुसार एचएफसी वायूंचा वापर २०२८ ला गोठवायचा आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के कमी करायचा. २०१९ च्या शीतकरण कृती आराखड्यात १ लाख मेकॅनिकना प्रशिक्षण द्यायचं ठरलं होतं. साताऱ्याकडे जाताना शिरवळ लागतं ना, तिथल्या गोदरेजच्या कारखान्यात २०१२ च्या सुमाराला आर-२९० म्हणजे प्रोपेनवर चालणारे एसी बनायला लागले. तेही ३ पटीच्या आसपासचे. अशी यंत्रं वाढली तर पकडायचा वाईट वायूच कमी होईल. पण आज भिंतींवर लटकलेले लाखो जुने एसी आहेतच, त्यांचं काय? ते येत्या काही वर्षांत भंगारात निघणार. जेसल पार्कहून खाडी ओलांडली की वसई पूर्वेला इको रिसायकलिंग ही ई-कचऱ्याची कंपनी आहे. एकटीदुकटीने फ्रीज घेऊन जाणं परवडणार नाही, पण ग्रामसंघाने गावातली पाच-दहा बंद यंत्रं एकत्र केली तर अशा नोंदणीकृत ठिकाणी विचारणा करता येते. विचारताना "गॅस कसा काढता?" हेही विचारा. ओळखीच्या भंगारवाल्याला दिलं तरी निदान नळी घराच्या ओट्यावर, पोरांच्या समोर कापू देऊ नका. बंद खोलीत हा गॅस कोंडला तर जीव गुदमरतो, आणि द्रव अंगावर उडाला तर बर्फाने भाजल्यासारखी जखम होते.

आता मावशींचा फ्रीजर. आम्ही दुसरा मेकॅनिक शोधला, आयटीआय झालेला मुलगा. त्याने आधी गॅस भरलाच नाही. नळ्यांमध्ये नायट्रोजन भरून दाब बघितला आणि सांध्यांवर साबणाचा फेस लावला. मागच्या एका सांध्यावर फेसाचे बुडबुडे यायला लागले. मावशी वाकून बघत होत्या. म्हणाल्या, "एवढंसं भोक?" त्याने सांधा जोडला, व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल ओढून काढली, मग काट्यावर तोलून गॅस भरला. किती? यंत्राच्या लेबलवर लिहिलंय तेवढाच. सगळे मिळून ३,१०० रुपये झाले. महाग वाटलं, पण त्यानंतर पावसाळा गेला, दिवाळी गेली, फ्रीजर चालू आहे. हप्तेही भरून झाले.

म्हणून मेकॅनिक आला की त्याला विचारायचं, गळती कशी शोधणार, व्हॅक्यूम करणार का, तोलून भरणार का. तिन्हीला "काही गरज नाही ताई" असं उत्तर आलं तर चहा पाजून परत पाठवा. बिलावर गॅसची जात आणि ग्रॅम लिहून घ्या. आणि लेबलवर आर-६००ए किंवा आर-२९० असेल तर जास्त सावध राहा. हा शेगडीच्या गॅसच्या जातीचा आहे, पेटतो. असं यंत्र उघडताना खोलीची दारं-खिडक्या उघडी हवीत, चूल, उदबत्ती, विडी काही नको, आणि गॅस आत असताना नळीला ज्योत लावू द्यायची नाही. त्यात दुसऱ्या जातीचा गॅस भरतो म्हणणाऱ्याला तर हात लावू देऊ नका.

गटातून जुना फ्रीज, फ्रीजर किंवा कुल्फीचं यंत्र घ्यायला कर्ज देताना सुद्धा हे बघा. आपण विकणाऱ्याला भाव विचारतो, कॉम्प्रेसर कसा आहे विचारतो. "शेवटचा गॅस कधी भरला?" हे विचारत नाही. वर्षात दोनदा भरला म्हणाला तर ते यंत्र गळतंय.

एक आणखी. आयटीआयमध्ये फ्रीज-एसीचा दोन वर्षांचा ट्रेड असतो आणि त्याला मुलींना प्रवेश आहे. दहावी झालेली मुलगी घरात असेल आणि शिवणकाम किंवा नर्सिंग यापलीकडे कुणी काही सुचवत नसेल, तर हे नाव कानावर घाला. दुपारी घरात बाई एकटी असताना अनोळखी मेकॅनिक येण्यापेक्षा आपल्यातलीच मुलगी आलेली कितीजणींना आवडेल, हे तुम्हीच सभेत विचारून बघा.

पुढच्या सभेला येताना प्रत्येकीने आपल्या घरच्या, नाहीतर शेजारच्या फ्रीजच्या मागचं लेबल बघून या. इंग्रजी आर अक्षर आणि त्यापुढचा आकडा, शेजारी ग्रॅममध्ये वजन, एवढंच चिठ्ठीवर उतरवा. चष्मा घरी असेल तर पोरांकडून लिहून घ्या. मी येईन तेव्हा गटाच्या वहीत त्यांची यादी करू, आणि कुणाच्या यंत्रात वर्षभरात किती वेळा गॅस भरला ते त्याच्यापुढे लिहू.