पाणी नितळ, दात डागाळलेले

चंद्रपूर, यवतमाळ अथवा किनवटकडील मुलुखातून एखादी माउली आपल्या आठ-दहा वर्षांच्या मुलास दवाखान्यात घेऊन येते आणि 'डॉक्टर, हा रोज दात घासतो, तरी डाग काही जात नाहीत' अशी तक्रार मांडते, तेव्हा त्या बालकाचे तोंड पाहण्यापूर्वीच मी विचारतो, की पिण्याचे पाणी विहिरीचे की हापशाचे? दातांवरील खडूसारखे पांढरे ठिपके आणि आडव्या तपकिरी रेषा हा बहुधा वयाच्या पहिल्या आठेक वर्षांत, हिरडीखाली दात घडत असतानाच, पोटात गेलेल्या फ्लोराइडचा परिणाम असतो. मुलास उगाच रागे भरू नये.

आपला बहुतांश प्रांत काळ्या बेसाल्टाने व्यापिलेला असला, तरी या पूर्वेकडील टापूत त्याहून पुरातन असे ग्रॅनाइट व नाइस हे खडक ठिकठिकाणी उघडे पडले आहेत, आणि त्यांतील खनिजांशी भूजलाचा सहवास जितका दीर्घ, तितके फ्लोराइड त्यात अधिक उतरते. पाण्यात चुन्याचा अंश अल्प असल्यास तर विशेषच. त्यामुळे खोल विंधण विहिरीचे नितळ पाणी शेजारच्या उथळ विहिरीहून घातक ठरावे, अशी चमत्कारिक गोष्ट घडते. (उथळ विहिरीचे पाणी मात्र उकळूनच प्यावे, हे सांगणे न लगे.)

हा विकार आपल्या देशात प्रथम नोंदला गेला तो १९३७ साली, तत्कालीन मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात. दातांवर तो थांबत नाही. वर्षानुवर्षे असे पाणी पिणाऱ्या प्रौढाची कंबर ताठरते, मान वळेनाशी होते, आणि बिचारा वात समजून गोळ्या घेत राहतो. हाडांत मुरलेले हे द्रव्य काढणारे औषध आमच्यापाशी नाही, हे मी स्पष्टच सांगतो. पाणी बदलणे हाच उपाय.

लिटरमागे १ मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा, आणि दुसरा उद्भवच नसेल तर १.५. उकळण्याने फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. तुरटी व चुना वापरून ते बऱ्याच अंशी काढण्याची नलगोंडा पद्धत नागपूरच्या 'नीरी' संस्थेने सिद्ध केली आहे. आहारात दूध, नाचणी, आवळा असावा.

तेव्हा आपल्या हापशाच्या पाण्याचा नमुना जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण कार्यालयाकडे तपासणीस द्यावा. बाटली प्लास्टिकची घ्यावी, काचेची नको.