गाईच्या अंड्याच्या दाया

गाय माजावर आली कीं तत्काळ रेतन करून घ्यावें, अशी आपल्यापैकीं पुष्कळांची समजूत आहे. आमच्या मतें ती घातक आहे.

गाईचें अंडें सुमारें एक अष्टमांश मिलिमीटर. अंडाशयांतील पाणीदार पुटकांत तें लहान पेशींच्या दाट वेष्टणांत असतें. अंड्यास साखर स्वतः नीट पचवितां येत नाहीं. ह्या पेशी ती पचवून सूक्ष्म तंतूंच्या वाटे तयार अन्न आंत पोंचवितात, आणि वेळ येईपर्यंत त्याचें पिकणें रोखूनही धरतात. माजाच्या आरंभीं मेंदूच्या तळच्या ग्रंथीचा रस रक्तांत उसळतो. मग तंतू आखडतात, वेष्टण फुलून चिकट होतें व अंडें पिकूं लागतें. त्यास सुमारें 24 तास लागतात. अंडें सुटतें तें माज संपल्यावर 10 ते 14 तासांनीं. म्हणून सकाळीं माजावर दिसलेल्या गाईचें रेतन सायंकाळीं, व सायंकाळीं दिसलेलीचें दुसऱ्या सकाळीं करावें. गाय उलटली कीं दोष मात्र वळूच्या माथीं!

पुटकांत मागें राहिलेल्या पेशींचा पिवळा गोळा बनतो. त्याच्या रसावांचून कोवळा गर्भ टिकत नाहीं.

कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेंत 1990 मध्यें शरीराबाहेर फलित केलेल्या अंड्यापासून म्हशीचें रेडकूं जन्मलें. अशा कामीं अंडीं निवडतांना वेष्टण गळालेलीं प्रथम बाजूस सारतात.