पाहुण्यांचे पाणी

चिखलदरा विदर्भातील थंड हवेचे ठिकाण. पावसाळ्यात तेथे धो धो पाऊस पडतो. पण पाणी डोंगरउतारावरून वाहून जाते. उन्हाळ्यात तालुक्यातील काही गावांना टँकरची वाट पाहावी लागते. नेमके तेव्हाच आपण सहलीला जातो!

दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊनलाही कोरड्या उन्हाळ्यातच पाहुणे येतात. त्या दिवसांत तेथे वारा जोराचा असतो आणि शीड लावलेल्या फळीवरून समुद्रात खेळता येते. समुद्र पुढ्यात, पण खारा! 2018 च्या दुष्काळात तेथे माणशी रोज फक्त 50 लिटर पाणी ठरवून दिले होते. पाहुण्यांनाही तेवढ्यातच भागवायला सांगितले. दोन मिनिटांत अंघोळ, आणि तेच पाणी बादलीत धरून संडासात.

चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडावर जुन्या लोकांनी तलाव बांधून पाऊस अडवला होता. सहलीत तोफा पाहाल, तसे तेही पाहा.